आवडत्या फोल्डरांची नावं हवी तशी कशी दिसतील? थंडरबर्ड वापरणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतली टॉवेल-चादरीची ऑफिसं, नव्या पेठेतले करसल्लागार, गणवेश शिवून परराज्यात पाठवणारे, डाळिंबवाले अशा मंडळींच्या संगणकांवर ईमेल लावून देणं आणि नंतर त्याबद्दलचे फोन घेणं हे माझं काम. बहुतेकांकडे थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्राम आहे. फुकट आहे आणि जुन्या संगणकावरही चालतं, म्हणून. सगळ्यात जास्त फोन येतात ते डाव्या बाजूच्या यादीतल्या नावांवरून. तेच तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवतोय. मेनूची नावं इंग्रजी थंडरबर्डमधली आहेत आणि वर्णन आवृत्ती ११५ आणि तिच्या पुढच्या आवृत्त्यांचं आहे. २०२३ च्या जुलैत आलेल्या ११५ मध्ये डावी बाजू नव्याने लिहिली गेली. त्याआधीचं थंडरबर्ड असेल तर खालचं पुष्कळसं जुळणार नाही.

आवडते फोल्डर लावायचे कुठून?

फोल्डरवर उजवी क्लिक करा आणि ‘फेव्हरिट फोल्डर’वर टिक करा. एवढ्याने यादीत काहीच बदल दिसत नाही, आणि इथेच लोक सोडून देतात. फोल्डरांच्या पट्टीच्या वरच्या टोकाला तीन टिंबं आहेत. तिथे ‘फोल्डर मोड्स’मध्ये जाऊन ‘फेव्हरिट फोल्डर्स’ चालू करा. ‘ऑल फोल्डर्स’ही चालूच ठेवा. दोन्ही विभाग एकाखाली एक दिसतात आणि प्रत्येकाला स्वतःचा मथळा येतो. मथळ्याशेजारच्या तीन टिंबांत ‘मूव्ह अप’ आहे, त्याने आवडत्यांचा विभाग वर घ्या.

“ओ सर, यादीत तीन-तीन इनबॉक्स दिसायलेत. कुठला कुणाचा कळंना.”

हा प्रश्न पहिल्या नंबरचा, म्हणून जरा सविस्तर.

आवडत्यांच्या मथळ्याशेजारच्या टिंबांत ‘कॉम्पॅक्ट व्ह्यू’ असतं. ते बंद असेल तर वर खात्याचं नाव आणि त्याखाली आत सरकलेला फोल्डर, अशी उतरंड दिसते. ते चालू केलं की उतरंड जाते, सगळे फोल्डर एका रांगेत येतात आणि प्रत्येकाचं नाव दोन तुकडे जोडून तयार होतं. आधी फोल्डरचं नाव, मग मधे आडवी रेघ, मग खात्याचं नाव.

त्यातलं खात्याचं नाव बहुधा कुणी ठरवलेलंच नसतं. खातं जोडताना थंडरबर्ड तिथे आख्खा ईमेल पत्ता टाकतं आणि तो तसाच राहतो. मग इनबॉक्स, रेघ आणि पुढे लांबलचक पत्ता. पट्टी असते बोटभर रुंद, त्यामुळे पत्त्याचं शेपूट कापलं जातं. आपल्याकडे आणखी एक गंमत होते. एकाच घरच्या तीन फर्म, तिन्हींची नावं ‘श्री सिद्धेश्वर’ने किंवा ‘श्री मार्कंडेय’ने सुरू होणार, आणि पत्तेही तसेच काढलेले. फरक असतो तो शेवटच्या अक्षरांत, आणि कापली जातात नेमकी तीच. म्हणून मालकांना तीन इनबॉक्स हुबेहूब एकसारखे दिसतात.

उपाय दोन मिनिटांचा आहे. खात्यावर उजवी क्लिक करून ‘सेटिंग्ज’ उघडा. उजवीकडे सगळ्यात वर ‘अकाउंट नेम’ची चौकट दिसेल. तिथला पत्ता पुसून एखादा छोटा शब्द लिहा: ‘लूम’, ‘निर्यात’, ‘घर’. आता यादीत ‘इनबॉक्स - लूम’, ‘इनबॉक्स - निर्यात’ असं दिसेल. मी शक्यतो पाच-सहा अक्षरांच्या पुढे जात नाही. फर्मचं नाव तिथे लिहूच नका, ते सगळ्यांना पाठ आहे. तीन खात्यांत वेगळं काय आहे, तेवढंच लिहा.

अकाउंट नेम बदललं तर बायरला आमचं नाव वेगळं दिसेल का?

नाही. ‘अकाउंट नेम’ फक्त तुमच्या पडद्यावर असतं. ते सर्व्हरला कळत नाही आणि समोरच्यालाही दिसत नाही. त्याच पानावर जरा खाली ‘युअर नेम’ आहे. समोरच्याच्या इनबॉक्समध्ये जातं ते हे. दोन्ही चौकटी जवळजवळ असल्यामुळे गल्लत होते. होटगी रोडवरच्या एका ऑफिसात हिशेबनीस दादांनी ‘युअर नेम’मध्ये ‘जुनं खातं’ लिहून ठेवलं होतं. पंधरा दिवस सगळ्या गिऱ्हाइकांना ‘जुनं खातं’ या नावाने कोटेशन जात होती. कुणी विचारलंही नाही, हे विशेष.

रेघ आणि खात्याचं नाव काढूनच टाकता येत नाही का?

सरळ मार्गाने नाही. ‘अकाउंट नेम’ रिकामं ठेवू दिलं जात नाही. दोन खात्यांना एकच नाव द्यायला गेलात तर त्या नावाचं खातं आधीच आहे म्हणून अडवलं जातं. पण एकच अक्षर चालतं. एका सूतव्यापाऱ्यांनी खात्यांना ‘क’, ‘ख’, ‘ग’ अशी नावं दिली आहेत आणि त्यांचं छान चाललंय. एखादं टिंब किंवा चांदणीसुद्धा चालते. मात्र महिन्याभराने चांदणी कुठली नि टिंब कुठलं हे आपणच विसरतो, म्हणून मी अक्षरच सुचवतो.

दुसरा रस्ता म्हणजे ‘कॉम्पॅक्ट व्ह्यू’ बंद करणं. मग रेघ येत नाही, पण उतरंड परत येते आणि यादी लांब होते. एकच खातं असेल तर हा रस्ता बरा. तीन-चार असतील तर नाही.

इनबॉक्सलाच ‘ऑर्डरी’ असं नाव द्यायचंय.

इनबॉक्सचं नाव बदलता येत नाही, कारण इनबॉक्स हे ईमेलच्या व्यवस्थेत राखीव नाव आहे. आयमॅपमध्ये, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायच्या पद्धतीत, प्रत्येक सर्व्हरवर तो याच नावाने असावा लागतो.

पण एक आडवाट आहे आणि मला ती फार आवडते. ‘फाइल’, ‘न्यू’, मग ‘सेव्ह्ड सर्च’ असं जा. त्याला नाव द्या ‘ऑर्डरी’, शोधायची जागा म्हणून त्या खात्याचा इनबॉक्स निवडा आणि अटींमध्ये ‘मॅच ऑल मेसेजेस’ ठेवा. हा खरा फोल्डर नसतो. इनबॉक्सकडे उघडणारी ही आपल्या नावाची खिडकी असते. हिलाही ‘फेव्हरिट’ करता येतं. म्हणजे मूळ इनबॉक्सवरची टिक काढायची आणि आवडत्यांत ‘ऑर्डरी’ ठेवायची.

इथे न थांबता पुढेही जाता येतं. अट घालून फक्त ठरावीक बायरच्या पत्त्यांवरून आलेले मेल दाखवा, किंवा तिन्ही खात्यांचे इनबॉक्स एकाच ‘ऑर्डरी’त घ्या. हा सेव्ह्ड सर्च ‘लोकल फोल्डर्स’खाली बनवला तर शेवटी ‘लोकल फोल्डर्स’ असं शेपूट लागतं. ‘लोकल फोल्डर्स’चं नावही त्याच्या सेटिंग्जमध्ये बदलता येतं, हे फारच थोड्यांना माहीत असतं. तिथे ‘सर्व’ लिहा. यादीत ‘ऑर्डरी - सर्व’ दिसेल. सकाळी डिस्पॅचवाल्याने ऑफिसात आल्यावर एवढी एकच ओळ उघडायची.

एक सावधगिरी. खिडकी खोटी असली तरी आतले मेल खरे असतात. ‘ऑर्डरी’त जाऊन एखादा मेल खोडलात तर तो इनबॉक्समधूनही जातो. उलट ‘ऑर्डरी’ ही खिडकीच काढून टाकली तर मेलना काही होत नाही.

मग बाकीच्या फोल्डरांची नावं सरळ बदलू का? एफ२ दाबलं की होतंय की.

होतंय, पण आधी विचारा की हा मेल आणखी कुठे उघडतो.

पॉप असेल तर मेल तुमच्या संगणकावर उतरलेला असतो, फोल्डर तुमचे, नावं तुमची. आयमॅपमध्ये फोल्डर सर्व्हरवर असतात. तुम्ही इथे नाव बदललं की ते सगळीकडे बदलतं: मालकांच्या मोबाइलवर, गोडाऊनमधल्या संगणकावर, घरच्या लॅपटॉपवर.

याचा चटका मी स्वतः खाल्लाय. एका कार्यालयात तिघं जण एकच खातं वापरत होते. मी एका संगणकावर बसून फोल्डरांची नावं नीटनेटकी केली, चहा घेतला आणि निघालो. सात रस्त्यापर्यंत पोचलो नाही तोवर फोन. बाकीच्या दोघांच्या आवडत्यांतून फोल्डर गायब झाले होते. त्यांच्या थंडरबर्डच्या दृष्टीने जुना फोल्डर नाहीसा झाला आणि नव्या नावाचा कुणी अनोळखी आला. आवडत्याची टिक जुन्याबरोबर गेली. त्यांचे फिल्टरही बंद पडले, कारण ते जुन्या नावाच्या फोल्डरात मेल टाकायला बघत होते. ज्या संगणकावर नाव बदललं तिथे मात्र थंडरबर्डने फिल्टर स्वतःच दुरुस्त करून घेतले होते, म्हणून मला तिथे बसून काही कळलं नाही. महिनाअखेर, विवरणपत्रं भरायची घाई, आणि त्यात हे. पुढची संध्याकाळ त्या दोन संगणकांसमोर गेली.

म्हणून माझा नियम असा: खात्याचं नाव बिनधास्त बदला, ते तुमच्या एकट्याचं आहे. फोल्डरचं नाव सगळ्यांना सांगून, शक्यतो सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी बदला. आणि बदललेला फोल्डर दुसऱ्या संगणकावर दिसलाच नाही, तर खात्यावर उजवी क्लिक करून ‘सबस्क्राइब’मध्ये त्याच्यावर टिक आहे का ते बघा.

मराठीत नाव दिलं तर चालेल का? आणि तेलुगूत?

दोन्ही चालतात. भवानी पेठेतल्या एका ऑफिसात अक्कांनी अर्धे फोल्डर तेलुगूत आणि अर्धे मराठीत ठेवलेत, काहीच अडलेलं नाही.

अडतं ते दोन ठिकाणी. पहिलं, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर उचलून नावात चिकटवला तर कचरा दिसतो. तिथे अक्षरं मराठी दिसत असली तरी आतून ती इंग्रजी चिन्हंच असतात. नाव युनिकोडमध्येच टाइप करा. विंडोजचा मराठी कीबोर्ड पुरेसा आहे.

दुसरं, काही जुन्या वेबमेलमध्ये (ब्राउझरमध्ये उघडायच्या मेलमध्ये) मराठी नावाच्या जागी अँड या अर्थाच्या चिन्हाने सुरू होणारी आणि वजाच्या चिन्हावर संपणारी अगम्य इंग्रजी अक्षरं दिसतात. लोक घाबरतात, व्हायरस आला म्हणतात. तसं काही नाही. आयमॅप इंग्रजी अक्षरांपुरता विचार करून बनला, म्हणून बाकीच्या लिप्यांतली नावं तो बदललेल्या यूटीएफ-७ नावाच्या सांकेतिक रूपात ठेवतो. थंडरबर्ड ते रूप उलगडून दाखवतं, तो वेबमेल उलगडत नाही, एवढाच फरक. २०२१ साली आलेल्या आयमॅपच्या नव्या मानकात नावं सरळ यूटीएफ-८ मध्ये ठेवायची सोय आहे, पण जुने सर्व्हर जुन्याच पद्धतीने चालत राहतात. तुमचं ऑफिस तसला वेबमेल रोज उघडत असेल, तर फोल्डरचं नाव इंग्रजीत ठेवा आणि मराठीची हौस सेव्ह्ड सर्च किंवा खात्याच्या नावात भागवा. ती दोन्ही सर्व्हरवर जातच नाहीत.

‘२०२४/२५’ नावाचा फोल्डर केला, तर ‘२०२४’च्या आत ‘२५’ असा का दिसतो?

तिरक्या रेघेमुळे. जीमेलमध्ये तिरकी रेघ म्हणजे फोल्डराच्या आत फोल्डर. आर्थिक वर्ष लिहिताना छोटी आडवी रेघ वापरा: ‘२०२४-२५’. मार्च-एप्रिलमध्ये हा फोन मला हमखास येतो.

जीमेलचंच आणखी एक. जीमेलमध्ये फोल्डर नसतात, लेबल असतात. एखादं लेबल थंडरबर्डमध्ये येतच नसेल तर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘लेबल्स’खाली त्याच्यासमोर ‘शो इन आयमॅप’वर टिक आहे का पाहा.

क्रम आपल्या मनासारखा लागतो का?

२०२५ च्या जुलैत आलेल्या आवृत्ती १४० पासून फोल्डर माउसने ओढून पुढे-मागे करता येतात. त्याआधीच्या आवृत्त्यांमध्ये अक्षरानुसार क्रम लागतो, म्हणून लोक नावाआधी आकडे लावतात. लावायचेच असतील तर ‘०१’, ‘०२’ असे शून्य देऊन लावा. आणि आयमॅपवर हे आकडे सगळ्यांच्या मोबाइलवर दिसणार, हे लक्षात ठेवा. खात्यांचा क्रम अकाउंट सेटिंग्जमध्ये डाव्या यादीत ओढून बदलता येतो.

नाव वाचण्यापेक्षा रंगाने ओळखता आलं तर?

येतं, आणि ज्यांची नजर सूत तपासण्यात गेलीय त्यांना हेच सोयीचं पडतं. फोल्डरवर उजवी क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, तिथे ‘आयकॉन कलर’. आवृत्ती ७८ पासून ही सोय आहे. डाइंगच्या फोल्डरला निळा, उधारीच्या फोल्डरला लाल. सगळ्यांनाच रंग दिलात तर पट्टीची जेकार्ड चादर होते आणि पुन्हा काहीच सापडत नाही. दोन किंवा तीन, त्यापुढे नको.

अक्षरं लहान वाटत असतील तर उजव्या कोपऱ्यातल्या तीन रेघांच्या मेनूत ‘फॉन्ट साइझ’ आहे, आणि ओळींतली जागा कमी-जास्त करायला ‘डेन्सिटी’. नाव कापलं जात असेल तर पट्टीची कड माउसने ओढून रुंद करा. हे सांगायला मला संकोच वाटतो, पण चारातल्या एका तक्रारीचं उत्तर एवढंच असतं. नावापुढे मेलची एकूण संख्या किंवा फोल्डरचा आकार दिसत असेल तर तोही जागा खातो. पट्टीवरच्या तीन टिंबांत तो बंद करता येतो.

युजरक्रोम डॉट सीएसएस नावाचं काहीतरी वापरून सगळं बदलता येतं म्हणे?

पुष्कळ बदलतं, सगळं नाही. ही प्रोफाइलमध्ये, म्हणजे थंडरबर्ड तुमची खाती आणि सेटिंग्ज जिथे ठेवतं त्या फोल्डरात, आपण स्वतः ठेवायची एक साधी मजकुराची फाइल आहे. ‘हेल्प’मधल्या ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’वरून प्रोफाइलचा फोल्डर उघडायचा, त्यात ‘क्रोम’ नावाचा फोल्डर करायचा आणि त्यात ही फाइल ठेवायची. शिवाय सेटिंग्जच्या ‘जनरल’ पानावर अगदी तळाशी ‘कॉन्फिग एडिटर’ आहे. तिथे इंग्रजीत ‘लेगसीयुजर’ जोडून टाइप केलं की स्टाइलशीट्सची ओळ सापडते, ती ‘ट्रू’ करायची आणि थंडरबर्ड बंद करून उघडायचं. एवढं केल्याशिवाय फाइल वाचलीच जात नाही.

तिने नावं ठळक होतात, रंग बदलतो, ओळी दाट होतात. पण ‘इनबॉक्स - लूम’मधलं नुसतं ‘- लूम’ लपवायला जाल तर हात टेकाल. दोन्ही तुकडे जोडून एकच मजकूर झालेला असतो, आणि सीएसएसला (ही फाइल ज्या भाषेत लिहितात तिला) अर्धा मजकूर वेगळा ओळखता येत नाही. नाव पूर्ण लपवून त्या जागी दुसरं दाखवता येतं, पण ते प्रत्येक फोल्डरसाठी वेगळं लिहावं लागतं आणि पुढच्या मोठ्या आवृत्तीत मोडू शकतं. गिऱ्हाइकाच्या संगणकावर मी हे करत नाही. स्वतःच्या संगणकावर करतो.

थंडरबर्डला वरून जोडायचं एक जुनं एक्स्टेंशन होतं, त्यात नावं बदलता यायची.

आवृत्ती ७८ मध्ये जुन्या पद्धतीची एक्स्टेंशन बंद झाली. कुणी पेनड्राइव्हवर आणून दिलं तरी लावायच्या भानगडीत पडू नका.

मोबाइलवर आवडत्यांची यादी येते का? नवा संगणक घेतला तर?

आवडत्याची टिक तुमच्या संगणकावरच राहते, सर्व्हरवर जात नाही. अँड्रॉइडचं थंडरबर्ड २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलं. त्यात क्यूआर कोड दाखवून संगणकावरची खाती नेता येतात, पण टिका जात नाहीत. नव्या संगणकावर जाताना जुन्यावरचा प्रोफाइल फोल्डर थंडरबर्ड बंद करून जसाच्या तसा न्या. टिका, रंग, खात्यांची छोटी नावं सगळं सोबत येतं. नव्याने खाती जोडत बसलात तर शून्यापासून सुरुवात.

आमच्याकडे आउटलुक आहे.

तिथेही उजवी क्लिक आणि ‘ॲड टू फेव्हरिट्स’. इनबॉक्स आणि सेंट आयटम्स यांची नावं तिथेही बदलत नाहीत, आणि अनेक खाती असली की इनबॉक्सपुढे खात्याचं नाव लागतं. क्रम ओढून बदलता येतो. मी आउटलुकवाल्यांकडे फारसा जात नाही, त्यामुळे एवढंच.

पट्टीवरची तीन टिंबंच नाहीशी झालीत, आता मोड बदलू कसा?

पट्टीचा मथळा लपवला गेलाय. विंडोजवर आल्ट दाबा, वर मेनूची ओळ येईल. ‘व्ह्यू’मध्ये ‘फोल्डर्स’, आणि तिथे ‘फोल्डर पेन हेडर’वर टिक. पट्टीच सगळी गेली असेल तर ‘व्ह्यू’, ‘लेआउट’, ‘फोल्डर पेन’. हे दोन्ही करूनही काही दिसलं नाही तर फोन करा, पण गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत संध्याकाळी नको. होम मैदानात पाळण्यांच्या आवाजात काही ऐकू येत नाही.